नेसणे आणि घालणे : जुन्या वेशाच्या शब्दांविषयी एक तक्रार

आजचा विषय आहे जुन्या वेशाचे मराठी शब्द. विषय तसा गोड आहे. पैठणी, चंद्रकळा, शेला, बाराबंदी असे चार शब्द उच्चारले की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आजीची पेटी उघडल्याचा आनंद दिसू लागतो. त्या आनंदाबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती या शब्दांच्या ज्या याद्या करून ठेवल्या जातात त्यांच्याबद्दल. ऐतिहासिक कादंबऱ्या, मालिका, चित्रपट, संग्रहालयातल्या काचेशेजारच्या पाट्या आणि हौसेने केलेले शब्दसंग्रह, या सगळ्यांत जुना वेश येतो तो नामांची माळ होऊन. आमचं म्हणणं असं, की मराठीने वेशाचं ज्ञान नामांत थोडं आणि क्रियापदांत फार ठेवलं होतं. आपण नामं जपली आणि क्रियापदं जाऊ दिली. त्यात काय काय गेलं, ते आज जरा नीट पाहू.

एक वाक्य घ्या. हे कुठल्या एका पुस्तकातलं नाही, पण या घाटाचं वाक्य आपण सर्वांनी वाचलेलं आहे : राजांनी जरीचा अंगरखा, सुरवार, शेला आणि मंदील परिधान केला होता. वाचायला भरदार वाटतं. पण या वाक्यात एकही माणूस कपडे घालत नाही. 'परिधान करणे' हे क्रियापद काय करतं बघा. ते सगळ्या वस्त्रांना एकाच खुंटीवर टांगतं. अंगरखा घालतात. मंदील बांधतात. शेला खांद्यावर घेतात, पांघरतात किंवा कमरेला बांधतात, आणि या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. शेला कमरेला बांधलेला माणूस निघायच्या तयारीत आहे, खांद्यावर घेतलेला माणूस बैठकीत आहे, पांघरलेला माणूस थंडीत किंवा पूजेला बसला आहे. लेखकाने नुसतं क्रियापद बरोबर वापरलं असतं, तरी प्रसंग अर्धा उभा राहिला असता. 'परिधान' म्हटल्यावर उरतो तो फक्त नाटक कंपनीचा कपड्यांचा पेटारा.

मराठीत वेशाची क्रियापदं किती आहेत, एकदा सरळ मोजून बघा. लुगडे, धोतर, पंचा, सोवळे ही नेसायची. चोळी, अंगरखा, बंडी, सदरा घालायचा. घोंगडी, शाल, पासोडी पांघरायची. पदर घ्यायचा, उपरणे घ्यायचे. पागोटे बांधायचे, टोपी घालायची. कासोटा घालायचा किंवा मारायचा, ओचा खोचायचा, निऱ्या काढायच्या. हिंदीत बहुतेक ठिकाणी 'पहनना' चालून जातं, इंग्रजीत एक क्रियापद डोक्यापासून पायापर्यंत पुरतं. मराठीला ते पुरत नव्हतं, कारण आपल्याकडे कापड आणि कपडा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जे शिवलेलं आहे त्यात अंग घालायचं. जे शिवलेलं नाही ते अंगाभोवती रचायचं, रोज नव्याने. नेसणे म्हणजे ती रचना. लुगड्याला घडीत असताना आकार नसतो. आकार बाई देते.

उलट क्रियाही वेगळी आहे, आणि ही आमची आवडती जोडी आहे. घातलेलं काढतात, बांधलेलं सोडतात, आणि नेसलेलं फेडतात. लुगडं फेडणे हा शब्द आता किती जणांच्या तोंडी आहे? तरुण मुलामुलींना 'फेडणे' म्हटलं की गृहकर्ज आठवतं. कर्ज फेडणे, नवस फेडणे, पांग फेडणे, डोळ्यांचं पारणं फेडणे. गुंडाळलेलं, अडकलेलं, अंगावर असलेलं मोकळं करणे हा भाव या सगळ्यांत आहेच. कपड्यातून क्रियापद निघून गेलं आणि बँकेत जाऊन बसलं, असं गमतीने म्हणता येईल. पदर, कनवट आणि ओचा यांचंही तेच. पदरमोड, पदरचे पैसे, कनवटीला चार पैसे असणे. खिसा आपल्याकडे आला तो शिवलेल्या कपड्याबरोबर. त्याआधी पैसा वस्त्राच्या मुडपीत आणि गाठीत राहायचा. लुगड्याला आणि धोतराला खिसा नव्हता असं नाही, तो नेसणीतून तयार व्हायचा.

आता शब्दांच्या कुळाकडे या. ज्याला घालायचं ते आणि ज्याला नेसायचं ते, या दोन गटांतले शब्द बहुतेक वेगळ्या घरांतून आलेले आहेत. लुगडे, धोतर, शेला, उपरणे, पंचा ही नावं इथली. साडी हा शब्द तर संस्कृतातल्या 'शाटी'पासून प्राकृतातून चालत आला. उलट जामा, पायजमा, सुरवार, तुमान, विजार हे फारसीतून. पायजमा म्हणजे पायाचा जामा. विजार म्हणजे 'इजार'. शिरपाव म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख, आणि 'पोशाख' हाही शब्द फारसीच. काज-बटणातलं 'काज' हे पोर्तुगीज. हा नियम अगदी पक्का नाही. चोळी आणि अंगरखा शिवलेले असून इथलेच आहेत. पण कल दिसतो : कात्री आणि सुई जितकी जास्त, तितका शब्द बाहेरून आलेला असण्याची शक्यता जास्त. सतराव्या शतकात राज्यकारभारातले फारसी शब्द बदलण्यासाठी राज्यव्यवहारकोश झाला, आणि तो महत्त्वाचा प्रयत्न होता. पण दप्तरातला शब्द हुकमाने बदलता येतो, नाडीचा नाही. विजार विजारच राहिली. जुना वेश म्हणजे शुद्ध देशी वेश, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आपल्या आवडत्या ऐतिहासिक मालिकेतल्या नायकाला कमरेखाली काय घातलं आहे ते बघावं आणि त्याचं नाव उच्चारावं.

बांधणे या क्रियापदातही मोठा इतिहास आहे. बटण येण्याआधी अंगावरचा कपडा बंदांनी बांधला जाई. बाराबंदी म्हणजे बारा बंदांची. नाव सरळ मोजणीवरून आहे. मोगल काळातल्या चित्रांत जाम्याचा बंद उजव्या काखेत आहे की डाव्या, यावरून अभ्यासक माणूस ओळखतात. मुसलमान उजवीकडे बांधीत, हिंदू डावीकडे. कपडा एकच, शिंपी एकच, कापडही एकच, आणि ओळख कुठे? तर गाठीच्या बाजूत. आज भाड्याने मिळणाऱ्या बाराबंदीला पुष्कळदा बंद शोभेपुरते शिवलेले असतात आणि खरं काम चेन किंवा हुक करतो. त्याला आमची हरकत नाही, नटाला दोन प्रवेशांच्या मध्ये कपडे बदलायचे असतात. हरकत ही, की पाटीवर किंवा श्रेयनामावलीत 'अस्सल' असं लिहिलेलं असतं.

डोक्याकडे येऊ. इथे नाम आणि क्रियापद यांचा घोळ सगळ्यात मजेदार झाला आहे.

पागोटे म्हणजे लांब कापड, रोज डोक्याभोवती बांधायचं. पगडी म्हणजे आधीच बांधून, टाके घालून पक्की केलेली वस्तू. ती पगडबंद नावाचा कारागीर करून देई, आणि मालक ती नुसती डोक्यावर ठेवी. म्हणून पागोटे बांधतात आणि पगडी घालतात. रोजच्या बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी येतही असत, पण क्रियापद फरक सांगून टाकी. आता बघा, पगडी म्हणजे काय झालं? पागोट्याची रेडिमेड आवृत्ती. हल्ली शिवलेल्या नऊवारीला नावं ठेवणारे जे लोक आहेत, 'कसली ही शिवलेली नऊवारी, नुसता झगा' असं म्हणणारे, त्यांतले कितीतरी जण समारंभाला मोठ्या अभिमानाने पुणेरी पगडी घालतात. अहो, ती तर शिवलेल्या नऊवारीची पणजी आहे. घाईच्या, प्रतिष्ठित, कचेरीत जाणाऱ्या माणसांसाठी आधीच बांधून ठेवलेलं वस्त्र. रानडे, टिळक, गोखले यांच्या छायाचित्रांमुळे ती आपल्या डोळ्यांसमोर पक्की बसली, आणि २००९ मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण तोच अभिमान बाळगून मुलींच्या रेडिमेड नऊवारीला हसू नये.

२०१८ मध्ये शरद पवारांनी पुण्यात पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरण्याचा आग्रह धरला आणि मोठा वाद झाला. वादाच्या राजकारणात आम्ही जात नाही. शब्दाकडे बघू. महात्मा फुल्यांच्या परिचित चित्रांत डोक्याला बांधलेलं आहे ते पागोटं. 'फुले पगडी' म्हणताना आपण त्याला पगडीच्या रांगेत बसवलं, म्हणजे मान द्यायचा तर पगडी हेच माप असं नकळत मान्य केलं. आणि पुढे झालं काय? समारंभांसाठी ती आधीच बांधून तयार मिळू लागली. म्हणजे खरोखरच पगडी झाली! नाव आधी चुकलं आणि मग वस्तूने नावाशी जुळवून घेतलं. हेच फुले १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्कारासाठी दिलेल्या मेजवानीला मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. त्या जरतारी गर्दीत तो वेश हेच त्यांचं भाषण होतं, मग ते तोंडाने काय बोलले ते नंतरचं. वेश म्हणजे युक्तिवाद असतो हे त्यांना फार चांगलं कळत होतं. त्यांचं पागोटं पगडी म्हणून मिरवताना निदान एवढं आठवावं.

जाता जाता एक. रुमाल हा शब्दही डोक्याचा. आज तो खिशात असतो, पण डोक्याला बांधायच्या चौकोनी कापडालाही रुमाल म्हणत, आणि कागदपत्रं ज्यात बांधून ठेवीत त्यालाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद आजही रुमालांत मोजतात. म्हणजे ज्या पेशवाईच्या वेशावर आपण बोलतो आहोत, तिचा पुरावासुद्धा कापडात बांधलेला आहे. त्याच दफ्तराच्या भाषेत 'वस्त्रे' या शब्दाचा अर्थ कपडे असा नाही. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना शाहू महाराजांकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली, १७२० मध्ये बाजीरावांना मिळाली. वस्त्रे देणे म्हणजे पद देणे. इथे वस्त्रे कुणी नेसत नाही आणि घालतही नाही, ती मिळतात किंवा दिली जातात. पुन्हा क्रियापदच अर्थ ठरवतं.

आता लुगडं. आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आज कुणालाही विचारा, महाराष्ट्राचा पारंपरिक स्त्रीवेश कोणता? उत्तर येतं, नऊवारी. हा शब्द जुना वाटतो. तो ज्या वस्त्राला लावतो ते वस्त्र जुनं आहेच. पण शब्द तसा नाही. जोपर्यंत सगळ्या बायका लांब लुगडंच नेसत होत्या तोपर्यंत त्याला 'नऊवारी' म्हणायचं काही कारण नव्हतं. गावात सगळ्याच कोंबड्या अंगणात चरत होत्या तेव्हा कुणी 'गावठी कोंबडी' म्हणत नव्हतं, नुसती कोंबडी म्हणत. पोल्ट्री आली आणि गावठी हे विशेषण चिकटलं. तसंच पाचवारी, सहावारी, गोल साडी आली, आणि लुगड्याला आपली लांबी सांगत फिरावं लागलं. लुगडं मोजायचं असेल तर हातांनी मोजत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, ढोबळमानाने दीड फूट. दोन हातांचा वार. अठरा हाती लुगडं म्हणजे आजच्या मापात नऊवार, सोळा हाती म्हणजे आठवार. म्हणजे सगळी लुगडी नऊवार नव्हतीच! अंगाच्या, वयाच्या, ऐपतीच्या आणि कामाच्या मानाने लांबी बदले. 'नऊवारी' या एका शब्दाने हा सगळा फरक पुसला.

मधल्या काळात आणखी एक शब्द येऊन गेला, पातळ. जाडजूड लुगड्याच्या जागी तलम लुगडं आलं, 'पातळ लुगडं' म्हणता म्हणता लुगडं गळून पडलं आणि विशेषणच नाम झालं. पण लिंग मात्र लुगड्याचंच ठेवलं, ते पातळ. मग गोल पातळ. 'गोल' हा शब्दही नेसणीचा आहे, वस्त्राचा नाही. काष्ट्याशिवाय, कमरेभोवती गोल. पंडिती भाषेत सकच्छ आणि विकच्छ. कासोट्याशिवाय धर्मकृत्य चालेल का, सुनेने गोल नेसावं का, यावर विसाव्या शतकात घराघरांत वाद झाले. ते वाद कापडावरून नव्हते. पाचवार कापड घेऊन कुणी काष्टा घातला असता तर सासूबाई गप्प बसल्या असत्या. वाद होता नेसण्यावरून. गोव्यात तर साडीला सरळ 'कापड' म्हणतात. कुणबी बायकांचं लाल चौकड्यांचं कापड आणि त्याची खांद्यावरची गाठ. दिवंगत वेशरचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा लोकांसमोर आणलं. जिथे वस्त्राचं नावच 'कापड' इतकं साधं आहे तिथे सगळी ओळख गाठीत असणार, हे उघड आहे.

आता दुकानात जा. शिवलेली नऊवारी मिळते, तिचे प्रकार : ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी. एकेकाळी नेसणीत जो फरक होता, आणि तो फरक जातीचा, गावाचा, कामाचा होता, तो आता मापांसारखा हँगरवर टांगलेला आहे. 'मस्तानी' नावाची नऊवारी हा तर खास नमुना. मस्तानी छत्रसालाची मुलगी, बुंदेलखंडातून आलेली. तिच्या नावाने काष्ट्याची नेसण विकली जाते. आणि फारसीत 'पेशवाज' म्हणून एक झगा आहे, पुढून उघडा, नर्तकींच्या वेशातला. 'पेश' म्हणजे पुढे, पेशवा म्हणजे पुढारी. पेशवाई नऊवारी आणि पेशवाज यांची कुणी गाठ घालून टाकली नाही हेच नवल.

२०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी नऊवारीत एकत्र नाचतात यावरून मोठा गदारोळ झाला. पेशव्यांच्या घरच्या बाया अशा नाचतील का, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. आम्हाला तो प्रश्न दुय्यम वाटतो. चित्रपट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर आधारलेला, कादंबरीला आणि पडद्याला तेवढी मोकळीक असते. आमचा प्रश्न वेगळा आहे. दोन वेगळ्या मुलखांतल्या, वेगळ्या घरांतल्या, वेगळ्या दर्जाच्या दोन बायका. त्यातली एक लग्नाची म्हणून घराने स्वीकारलेली, दुसरी नाकारलेली. त्या दोघींची नेसण एक कशी? दोघींना एकसारखं नेसवून चित्रपटाने कथेतला मुख्य झगडाच नाचापुरता मिटवून टाकला. पडद्यावर दोन रंग दिसले, पण सामाजिक अंतर दिसलं नाही. नेसण म्हणजे नुसती लांबी आणि काठ असं एकदा धरलं की हे होतंच.

कुणी म्हणेल, भाषा बदलते, कपडे बदलतात, तुम्ही कशाला रडता? बरोबर. आम्ही शब्दांचे सोवळे राखायला बसलेलो नाही. उलट जी मुलगी 'मी नऊवारी घातली' म्हणते तिला लोक हसून सुधारतात, 'घातली नाही गं, नेसली म्हणावं', तेव्हा आम्ही त्या मुलीच्या बाजूने आहोत. तिने शिवलेलं वस्त्र पायातून चढवलं, चेन ओढली, दोन मिनिटांत तयार होऊन मोटारसायकलवर बसली. तिने घातलंच. तिचं मराठी अचूक आहे. चूक आहे ती तिच्या शिवलेल्या वस्त्राला इतिहासाचा दाखला देणाऱ्यांची.

मग या क्रियापदांचं एवढं महत्त्व का, तर आता महाडला चला.

डिसेंबर १९२७. सत्याग्रह परिषदेसाठी महाडला माणसं जमली होती. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं, ते सर्वांना माहीत आहे. त्याच मुक्कामात बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं, त्याची आठवण त्या मानाने कमी काढली जाते. त्यांनी बायकांना सांगितलं, की तुमची लुगडं नेसण्याची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती सोडा. वरच्या वर्गातल्या बायका जशा नेसतात तसं नेसा. गळ्यातल्या गळसऱ्यांचे ढीग आणि हातभर कथलाचे-चांदीचे दागिने टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ असू द्या. मुलींना शिकवा. आणि त्या बायकांनी घरी जाऊन विचार करू असं म्हटलं नाही. तिथेच, परिषदेच्या मुक्कामातच, त्यांनी नेसण बदलली.

आता या घटनेत वस्त्र कोणतं बदललं? कोणतंच नाही. लुगडं तेच. कदाचित फाटलेलं, कदाचित तेवढं एकच. शब्दसंग्रहातली नोंद घ्या, 'लुगडे : स्त्रियांचे नेसायचे वस्त्र', आणि सांगा, महाडला काय घडलं ते या नोंदीतून कळतं का? आदल्या दिवशीही लुगडं, दुसऱ्या दिवशीही लुगडं. बदलली ती नेसण. लुगडं किती वर, किती खाली, घोटा झाकतो की पोटरी उघडी राहते. त्या काही इंचांत जात लिहिलेली होती, आणि रस्त्यावरच्या कुणालाही ती दुरून वाचता येत होती. आज ज्याला आपण कौतुकाने 'पारंपरिक नेसणीचे प्रकार' म्हणतो, त्यांतले काही प्रकार म्हणजे अंगावर बांधलेल्या पाट्या होत्या. बायकांनी त्या उतरवल्या. 'विविधता जपली पाहिजे' असं या बाबतीत सहज म्हणून जाता येत नाही, आणि विसरून जाणंही बरोबर नाही. नऊवारी हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरला की दोन्ही गोष्टी होतात. सगळ्याच बायका पूर्वीपासून एकच छान वेश नेसत होत्या असं वाटू लागतं, आणि महाडच्या बायकांनी काय केलं ते समजेनासं होतं.

याच न्यायाने आपले जुने आधारग्रंथही तपासायला हवेत. मोल्सवर्थचा कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७, हा आमच्यासाठी अजूनही पहिला दरवाजा आहे. वेशाचे इतके शब्द त्यात आहेत की दिवसभर त्यातच हिंडावं. पण तो इंग्रजी वाचणाऱ्या परक्या माणसासाठी केलेला कोश आहे. त्या माणसाला वस्तू ओळखायची होती, नेसायची नव्हती. ग. स. घुर्यांनी १९५१ मध्ये भारतीय वेशभूषेवर ग्रंथ लिहिला, शिल्पं आणि चित्रं समोर ठेवून. त्यांनी नजर कापडावरून रचनेकडे नेली, हे फार मोठं काम. मात्र शिल्पात रचना दिसते, तिचं बोलीतलं नाव ऐकू येत नाही. मधली जागा, म्हणजे कुठल्या गावात, कुठल्या घरात, कुठल्या क्रियापदाने हे सांगितलं जाई, ती अजून बरीचशी मोकळी आहे. हौशी मंडळी शब्द गोळा करतात तेव्हा आमची विनंती असते, की 'या साडीला काय म्हणायचे' एवढंच आजीला विचारू नका. 'ही नेसून दाखव, आणि करता करता बोल' म्हणा. नाम एक मिळेल, क्रियापदं दहा मिळतील. आणि 'अशी कोण नेसत नव्हतं?' हेही विचारा. त्या प्रश्नाला बहुधा थोडी शांतता मिळते, मग उत्तर मिळतं.

शेवटचा शब्द आलवण. केशवपन केलेल्या विधवेचं तांबडं लुगडं. त्याबरोबर चोळी नाही. हा शब्द आता कौतुकाच्या कुठल्याच यादीत नसतो, आणि दुकानात या नावाची शिवलेली नऊवारी अर्थातच नाही. 'पारंपरिक वेशभूषा' स्पर्धेत हिरवा शालू येतो, पैठणी येते, संक्रांतीची चंद्रकळा येते. आलवण येत नाही. जो वेश कित्येक घरांत कुठल्यातरी कोपऱ्यात रोज दिसत होता, तो परंपरेत धरलेलाच नाही. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'पण लक्षात कोण घेतो?' लिहायला घेतली तेव्हा तो सगळ्यांच्या ओळखीचा होता.

इथे 'बाजीराव मस्तानी'च्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मघाशी आम्ही त्याला बरंच बोललो. त्यात बाजीरावांची आई राधाबाई आहे. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ गेल्यावर ती विधवा झाली. तन्वी आझमी यांनी त्या भूमिकेसाठी खरोखर मुंडण केलं. भव्य आरसे आणि जरीच्या त्या सगळ्या पसाऱ्यात पेशव्यांच्या घरातली सर्वांत अधिकारी बाई केस काढलेली आहे. तिला घराचे सगळे निर्णय घेता येतात, स्वतःच्या डोक्याचा येत नाही. नाचाच्या प्रसंगात जे अंतर पुसलं गेलं ते इथे एका माणसाच्या अंगावर दिसतं. वेशाचा एवढा प्रामाणिक उपयोग आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत फार वेळा झालेला नाही.

आणि आलवणाचं क्रियापद बघा. नेसणे आपलं आपण असतं. लहान मुलीला, नवरीला, आजाऱ्याला नेसवतात. नवरीला मामी नेसवते, हसतखेळत, चार बायका निऱ्या धरतात. आलवण पहिल्यांदा बाई स्वतः नेसत नसे. ते तिला नेसवलं जाई, त्याच घरात, पुष्कळदा त्याच बायकांच्या हातांनी. नंतरची सगळी वर्षं मात्र ती ते रोज सकाळी आपलं आपण नेसे.

आता प्रश्न घेऊ. कुणीतरी खणाबद्दल आणि इरकलीबद्दल विचारलं आहे, तिथून सुरू करू या.